बोन्सायप्रेमींना बैठकीसाठी जागा द्या

महोदय,

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायपुढे, म्हणजे कुंडीत छाटून लहान ठेवलेल्या झाडांपुढे, हमखास गर्दी असते. पण ही झाडे वर्षभर सांभाळणाऱ्या हौशी मंडळांना महिन्यातून एकदा जमायलाही जागा मिळत नाही. आमच्या भागातले मंडळ सध्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरते.

या बैठका म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. जूनच्या तोंडावर वड, पिंपळ, उंबर कुंडीतून काढून मुळे कुठवर छाटायची, विटांचे तुकडे आणि पालापाचोळ्याचे खत किती घालायचे, हे हाताने करूनच समजते. आकार देण्यासाठी फांदीला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार वेळेत काढली नाही तर सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षे जात नाही. तार उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी, हे जुनी मंडळी शेजारी उभे राहून दाखवतात. व्हिडिओ पाहून तो हात बसत नाही.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असे अनेक जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. उपाशी ठेवलेले झाड बोन्साय होत नाही, मरते. शिवाय आमच्याकडची कितीतरी झाडे जुन्या वाड्यांच्या भिंतींत उगवलेली, एरवी उपटून फेकली गेली असती अशी पिंपळाची रोपे आहेत.

महापालिकेने उद्यानांतली एखादी शेड रविवारी सकाळी माफक भाड्याने अशा मंडळांना द्यावी. सावली आणि पाण्याचा नळ, एवढे पुरे आहे.

— एक वाचक, पुणे