बाईंना ते चित्र कसं सांगू?

सातारा, रविवार

प्रिय मंदे,

इतके महिने पत्र नाही म्हणून चिडली असशील. चीड. मी बरी आहे, आईचं बीपी ताब्यात आहे. प्रकृतीचं एवढंच. लिहितेय ते बाईंसाठी.

काचबिंदूनं त्यांचा दुसराही डोळा गेला गं. परवा शनिवार पेठेत गेले, तर कंदी पेढ्यांचा पुडा बाजूला सारून म्हणाल्या, "ते कृष्णविवराचं चित्र आलं होतं ना, ते मला सांग."

म्हटलं, नारिंगी कडं आहे, खालून जाड, मधे काळं. "काळं म्हणजे विवरच का?" झाली उलटतपासणी सुरू!

विवर नव्हे, त्याची सावली. घटनाक्षितिज म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही ती कड; तिच्या दीडपट अंतरावर प्रकाश विवराभोवती गोल फिरू शकतो, पण टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा. जरा ढळला की आत, नाहीतर बाहेर. बाजूनं जाणारे किरणही वाकून आत ओढले जातात, म्हणून ती सावली क्षितिजाच्या अडीचपटीहून जरा मोठीच दिसते. आणि विवराच्या मागचा उजेड वळसा घालून पुढे येतो, म्हणून मागची बाजूही आपल्याला कड्यात दिसते. हे बाईंना पटलं. "खालची बाजू जाड का?" तर तिथला तापलेला वायू प्रचंड वेगानं आपल्याकडे येतोय, म्हणून तो जास्त उजळ.

रंगापाशी मात्र मी अडले. नारिंगी रंग माणसांनी दिलेला. दुर्बिणींनी २०१७ साली टिपल्या त्या १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरी, त्या कुणाच्याच डोळ्याला दिसत नाहीत. हे ऐकून बाई केवढ्या हसल्या! "म्हणजे यात तू नि मी सारख्याच."

मंदे, तेव्हापासून चैन नाही. ज्यांनी आपल्याला बघायला शिकवलं, त्यांना मी नुसते शब्द देतेय. साडेपाच कोटी वर्षं चालून आलेला तो प्रकाश माझ्या बोलण्यात नुसती आकडेमोड होतो.

हो, चार भिंतींच्या टेकडीवरचं आपलं भांडण बाईंना अजून आठवतं. विवरात पडणारा माणूस कडेला थिजलेला दिसतो हे तुझं, तो दिसेनासा होतो हे माझं. आठवडाभर अबोला! बाई म्हणाल्या, दोघींचं अर्धं अर्धं बरोबर: लांबून बघणाऱ्याला तो मंदावत जाताना दिसतो, पण त्याचा प्रकाश लाल, आणखी लाल होत झपाट्यानं विझतो. आता पुरे कर.

तुझी बदली झाली ना? घर मिळालं का? पोरीच्या परीक्षेचं कळव.

आता काम. तुझा हात चित्रात चांगला. जाड पुठ्ठ्यावर लोकरीचं कडं चिकटवून दे, खालची बाजू दुहेरी-तिहेरी जाड, वर बारीक, मधली जागा मोकळी. क्षितिजासाठी मधोमध एक छोटी टिकली चिकटव, म्हणजे सावली त्याहून किती मोठी ते बाईंच्या बोटांना कळेल. माझ्याच्यानं कडं वाकडं होईल नि त्या मला परत करायला लावतील. दिवाळीची वाट बघू नकोस, कुरिअरनं पाठव.

तुझी,
लता