‘कलियुग आहे’ म्हणून सुटका कशी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

काही वाईट कानावर आले की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते, ‘कलियुगच आहे, काय करणार!’ टपरीवर ऐकतो, भावकीच्या वाटणीच्या भांडणातही ऐकले. मला ते फार बोचते.

कलियुग ४,३२,००० वर्षांचे मोजले जाते. म्हणजे तोवर माणसाने हात टेकून बसायचे? ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात चार युगांच्याच नावांनी माणसाच्या अवस्था सांगितल्या आहेत : झोपलेला तो कली, अंथरूण सोडू लागलेला द्वापर, उभा राहिलेला त्रेता, चालू लागलेला कृत. भागवताचा बारावा स्कंधही सांगतो की मन, बुद्धी, इंद्रिये सत्त्वात असतील, ज्ञानाची आणि तपाची गोडी वाटेल, तेव्हा कृतयुग जाणावे. हे चक्र एका दिवसातही फिरते. सकाळी दुकान उघडताना माझ्या मनात असलेले युग रात्री हिशेब जुळेना की टिकत नाही, हे मी रोज पाहतो.

आपल्या सोलापुरात तर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत हे चक्र दरवर्षी डोळ्यांपुढे फिरते. भोगीला ६८ लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला संमती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता, किंक्रांतीला होम. हे लग्न कोणाचे? कथा अशी की सिद्धरामेश्वरांशी लग्न करू पाहणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती दिली. यात्रेत मिरवणुकीने नेले जाणारे उंच नंदीध्वज हे त्या योगदंडाचे प्रतीक. शरण म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतले शिवभक्त संत. त्यांच्यात ‘शरण सती, लिंग पती’, म्हणजे भक्त ही पत्नी आणि शिव हा पती, असे म्हणतात. त्या अर्थाने ती नवरी म्हणजे आपलेच मन, असे मला वाटते. म्हणून त्या नवरीचे प्रतीक असलेल्या बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून ती होमात अर्पण होते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच लग्न, पुन्हा तोच अग्नी. एकदा केलेले समर्पण माणसाला पुरत नाही. ते शिळे होते. पण शरणांनी नुसते चक्र सांगितले नाही. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य अशा साधनेच्या सहा पायऱ्याही दिल्या. तळी खोदवणारे सिद्धराम शरणसंत अल्लमप्रभूंच्या भेटीनंतर ज्या वाटेने गेले, ती हीच.

यात्रेत वाहतुकीचे बदल, पाळणे, शोभेचे दारूकाम यांच्या बातम्या येतात, त्याही हव्यात. पण संमती वाचनाला, म्हणजे त्या लग्नात म्हटल्या जाणाऱ्या मंगलवचनांना, ‘सत्यम् सत्यम्’ म्हणत अक्षता टाकणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना त्यातले कन्नड कळत नाही. येत्या संक्रांतीच्या अंकात त्याचा मराठी अर्थ जाणकारांकडून लिहून घेऊन छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, बाळीवेस, सोलापूर