क्विटोची आठवण कोण ठेवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या मंगळवासीयांच्या हल्ल्यावरच्या रेडिओ नाटकाचा लेख वाचला. ३० ऑक्टोबर १९३८च्या त्या रात्री ‘अख्खी अमेरिका रस्त्यावर आली’ हे वाक्य त्यात पुन्हा भेटले. शाळेत होतो तेव्हापासून हे वाक्य वाचतो आहे, आणि ते खरे नाही, म्हणून लिहावेसे वाटले.

वेल्सने नाचाच्या संगीताचा कार्यक्रम मध्येच तोडून बातम्या घुसवल्या. मंगळावरचे प्राणी न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलला उतरले म्हणून सांगितले. महिनाभरापूर्वी युरोपातले युद्ध टाळण्यासाठी हिटलरबरोबर म्युनिकच्या वाटाघाटी चालू असताना लोकांनी अशाच तोडून दिलेल्या बातम्या ऐकल्या होत्या. त्यामुळे हे नाटक आहे ही सुरुवातीची सूचना ज्यांच्या कानावर पडली नाही, त्यांच्यातले काही जण खरोखर घाबरले, पोलिसांना फोन करत सुटले. पण त्या वेळी बहुतेक श्रोते दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गनचा विनोदी कार्यक्रम ऐकत होते. त्याच रात्री सुमारे ५ हजार घरांत फोनवरून पाहणी झाली. हे नाटक ऐकतोय म्हणणारे निघाले अवघे २ टक्के! घबराट फुगवली ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी. रेडिओ त्यांच्या जाहिराती ओढून नेत होता आणि त्याला बेजबाबदार ठरवायची संधी आयती चालून आली होती. तो फुगवटा आपण अजून छापतो आहोत.

माझी खरी तक्रार पुढे आहे. ज्या ठिकाणी माणसे मेली, ते ठिकाण आपल्या लेखात नाही.

१२ फेब्रुवारी १९४९, शनिवारची रात्र. इक्वेडोरची राजधानी क्विटो. ‘रेडिओ क्विटो’ने तेच कथानक स्वतःच्या शहरावर बेतले. गाणी थांबवून बातमी दिली की शत्रू शहरालगतच्या कोतोकोयाओजवळ उतरला आहे. मंत्र्यांचा आवाज काढायला नट होते. लोक घरे सोडून धावले. प्रकार हाताबाहेर जातोय हे लक्षात आल्यावर केंद्राने हे नाटक असल्याचे जाहीर केले, आणि मग भीतीचा संताप झाला. जमावाने केंद्रावर दगडफेक केली, आग लावली. त्याच इमारतीत ‘एल कोमेर्सियो’ हे वर्तमानपत्र होते, तेही जळाले. पोलिसांची कुमक कोतोकोयाओकडे गेलेली, त्यामुळे मदत उशिरा पोचली. किमान ६ जण गेले.

ते भीतीने गेले नाहीत. ‘हे खोटे होते’ असे कळल्यानंतर गेले. फसवले गेल्याचा राग भीतीपेक्षा किती घातक असतो, हे मला क्विटोची हकीकत वाचेपर्यंत कळले नव्हते. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना १९३८ पाठ असते. १९४९ विचारा, गप्प बसतात.

पुढच्या ऑक्टोबरात हा विषय घ्याल तेव्हा वेल्सचे छायाचित्र थोडे लहान करा आणि क्विटोला निदान एक रकाना द्या, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना वाचक, सातारा