खर्ऱ्याची पन्नी आणि दोन बोटे : एका आशाताईंना आभारपत्र

आदरणीय आशाताई,
सविनय नमस्कार.

बीडीएसच्या इंटर्नशिपमधील सार्वजनिक दंतआरोग्याच्या ३ महिन्यांपैकी काही आठवडे मी गडचिरोली जिल्ह्यातील तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. निघताना सर्वांचे आभार मानले. पण ज्यांच्यामुळे ते दिवस कामी आले त्या तुम्ही तेव्हा गृहभेटींना गेला होतात, म्हणून हे पत्र.

पहिले दोन दिवस मी प्रत्येकाला "तंबाखू खाता का?" असे विचारत होते आणि बहुतेक जण "नाही" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याशेजारी बसलात आणि समोरच्या मावशींना सहज विचारलेत, "दिवसाले किती खर्रे लागते जी?" मावशींनी कमरेची पन्नी चाचपत "तीन-चार" असे सांगितले. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याला त्या तंबाखू समजतच नव्हत्या, आणि हे मला एकाही परीक्षेने शिकवले नव्हते.

त्याच मावशींच्या उघडलेल्या तोंडात नेहमीच्या तीनऐवजी जेमतेम दोन बोटे जात होती. गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठ झाली होती आणि साधी भाजीही तोंडाला झोंबत होती. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये, म्हणजे तोंडाचे आतले अस्तर ताठ होत जाणाऱ्या या आजारात, आखडलेले तोंड पूर्ववत होत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली की माझे काम संपले, असे मी धरून चालले होते. तुम्ही मात्र धानाची रोवणी कधी आटोपते, घरी शेळ्या कोण पाहील, हे विचारून दिवस ठरवलात आणि स्वतः त्यांच्यासोबत एसटीने गेलात.

तीस वर्षांवरील माणसांचा जो अर्ज तुम्ही घरोघरी भरता, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, असा प्रश्न आहे. 'हो' असे उत्तर असलेल्या घरांची तुमच्या वहीतील यादी हाती आली, तेव्हा माझी तपासणी खऱ्या अर्थाने सुरू झाली. वीज गेल्यावर हाताच्या अवजारांनी कीड काढून मी मुलांच्या दाढा भरत असताना तुम्ही धरलेला टॉर्च एकदाही हलला नाही, हेही मी विसरणार नाही.

आमच्यानंतरच्या तुकडीला मी खर्ऱ्याचा प्रश्न तुमच्याच शब्दांत लिहून दिला आहे. जमल्यास पहिल्या दिवशी तासभर त्यांच्याशेजारीही बसावे, ही विनंती. मावशींना माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
नागपूरची दाताची डॉक्टर