गाई-डुकरांचं इन्सुलिन

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

जनावरांपासून इन्सुलिन काढत म्हणजे नेमकं काय करत, असं तू विचारलंस. खरी अडचण स्वादुपिंडातच आहे. इन्सुलिन तिथंच तयार होतं आणि प्रथिनं पचवणारा रसही तिथलाच. स्वादुपिंड नुसतं पाण्यात वाटलं तर तो रस इन्सुलिन खाऊन टाकतो. म्हणून कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी १९२१ च्या अखेरीस कत्तलखान्यातून गुरांची स्वादुपिंडं आणून ती आम्ल घातलेल्या अल्कोहोलात वाटली. त्यात पाचकरस निकामी होतो, इन्सुलिन विरघळून शिल्लक राहतं.

११ जानेवारी १९२२ ला १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसन या मधुमेही मुलाला तो अर्क टोचला. रक्तातली साखर ४४० वरून ३२० वर (१०० मिलिलिटरमध्ये मिलिग्रॅम) आली, पण टोचल्या जागी गळू झालं. अर्कात इतर प्रथिनं फार होती. मग त्यांचा सहकारी रसायनशास्त्रज्ञ कॉलिप यानं अल्कोहोलचं प्रमाण थोडंथोडं वाढवत नेलं. आधी नको ती प्रथिनं तळाशी बसतात, ती गाळून टाकायची. ९० टक्क्यांच्या पुढं गेलं की खुद्द इन्सुलिनच खाली बसतं. २३ जानेवारीला हा अर्क दिला आणि ५२० ची साखर दिवसभरात १२० झाली. सगळे बँटिंगचं नाव घेतात. मला कॉलिपचं हे गाळणं तितकंच मोठं वाटतं.

गाईचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून तीन अमिनो आम्लांनी (प्रथिनांच्या घटकांनी) वेगळं, डुकराचं फक्त एका. तरी त्वचेवर पुरळ, टोचल्या जागची चरबी झडून पडणारे खड्डे, यांत उरलेल्या अशुद्धींचा वाटा मोठा होता. १९७० च्या दशकात क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीनं, अर्क शुद्ध होऊ लागला, तसे ते खड्डे कमी झाले. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झालं.

सुरुवातीला प्रत्येक वेळी काढलेल्या अर्काची ताकद वेगळी निघे, म्हणून वजनावर विसंबता येईना. उपाशी सशाची साखर किती उतरते त्यावरून ‘युनिट’ ठरलं. आपल्याकडच्या वायलीवरचं (औषधाच्या लहान बाटलीवरचं) ‘४० आययू’ (आंतरराष्ट्रीय युनिट) म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अशी ४० युनिटं. तिला लाल टोपणाचीच सिरिंज घे. नारिंगी टोपणाची, १०० ची, घेतलीस तर १० च्या खुणेपर्यंत भरूनही चारच युनिटं जातील. उलट १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जाईल आणि साखर फार उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. भरण्याआधी वायलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाच.

तुझे,
बाबा