बत्तीसच्या गोळीला हलक्यात घेऊ नका

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पेपरात काडतूस म्हटलं की बातमी ठरलेली, कुणाला तरी देशी कट्टा आणि जिवंत काडतुसांसकट पकडलं. ती बातमी यायलाच पाहिजे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण बत्तीस बोर, म्हणजे साधारण ०.३२ इंच जाडीच्या गोळीचं काडतूस, हे खेळाचंही काडतूस आहे हे नागपुरात फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून हे पत्र.

मी पिस्टल नेमबाज. सुरुवात सगळ्यांसारखी एअर पिस्टलने, मग बावीस बोर, मग बत्तीस. बत्तीस पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला अजिबात आवडली नव्हती. एक तर ती वॅडकटर, म्हणजे शिशाची गोळी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, तोंडाशी सपाट बसवलेली, पुढे टोकच नाही, पाहणाऱ्याला वाटावं काडतूस अर्धंच बनवलं आहे. त्यात डिझाइन १८९६ चं, स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरचं. आमचे भाऊजी कामठीला फौजेत होते, ते नाइन एमएमच्या गोष्टी सांगायचे आणि बत्तीसचं नाव काढलं की "त्यानं काय होते बाप्पा" म्हणायचे. मलाही तसंच वाटून राहिलं होतं, की नाइन एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोर, साध्या माणसाला मिळत नाही, म्हणून आपण बत्तीसवर भागवून राहिलो.

मत बदललं ते रेंजवर, हळूहळू. बत्तीस ज्यात चालते त्या २५ मीटर सेंटर फायर या स्पर्धेत ६० शॉट असतात, ३० प्रिसिजनचे, म्हणजे सावकाश नेम धरून मारायचे, आणि ३० रॅपिडचे, म्हणजे झटपट मारायचे. रॅपिडमध्ये हात ४५ अंशात खाली धरून उभं राहायचं, टार्गेट वळतं आणि फक्त ३ सेकंद दिसतं, तेवढ्यात हात वर, साइट जुळवायची आणि एकच गोळी, मग ७ सेकंद टार्गेट गायब, की पुन्हा तेच, असे ५ शॉट झाले की एक सिरीज. इथे धक्का जोरात बसणारी गोळी असली की काही वेळाने ट्रिगर दाबायच्या आधीच मनगट आखडायला लागतं आणि शॉट खाली जातो. बत्तीसमध्ये धक्का इतका सरळ आणि मऊ येतो की शेवटच्या सिरीजलाही हात तसाच शांत राहतो.

लोक म्हणतात मोठ्या बोरचं भोक मोठं, मग मार्क जास्त मिळत असतील ना? नाही मिळत. नियमाने ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं बोर चालतं, पण कागदी टार्गेटवर रेषेजवळच्या शॉटला सगळ्यांना ९.६५ चंच गेज, म्हणजे भोकात घालून मार्क ठरवायचं माप, लावतात. म्हणजे मोठ्या बोरचा मार्कांत काही फायदा नाही, धक्का मात्र पूर्ण खावा लागतो. हे कळल्यावर बत्तीसकडे पाहायची माझी नजरच बदलली. आणि वॅडकटरचं भोक एकदा जवळून बघा, कागद फाटत नाही, पंच मारल्यासारखा स्वच्छ गोल कापला जातो.

त्रास आहेच. केसला मागे रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असते, म्हणून मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे आहे की नाही ते प्रत्येक वेळी बोटाने तपासावं लागतं, नाहीतर नेमकं मॅचमध्ये अडकतं. घाई करून चालतच नाही, आणि आता मला ते आवडायला लागलं आहे. खटकतं ते एवढंच की चांगली मॅच ग्रेड गोळी बाहेरून येते, महाग पडते, आणि प्रॅक्टिसला हात आखडून फायर करावं लागतं. नवीन पोरांना तर ते परवडतच नाही.

जसपाल राणांनी १९९४ ला हिरोशिमाच्या एशियन गेम्समध्ये सेंटर फायरचं गोल्ड घेतलं आणि २००६ ला दोहामध्ये ५९० मार्क मारून वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली. हा इव्हेंट ऑलिम्पिकमध्ये नाही म्हणून त्याची बातमी होत नाही. पॅरिस ऑलिम्पिकनंतर आपल्या शहरात पोरंपोरी पिस्टल शिकून राहिले, त्यातली काही उद्या २५ मीटरला येतील. साहेब, नॅशनल आणि स्टेटचे निकाल छापता तेव्हा सेंटर फायरचे स्कोअरही छापा, कोणी कितीचा मारला तेवढी एक ओळ टाका.

आपला,
एक पिस्टल नेमबाज, धरमपेठ, नागपूर