वळणावरचा ब्रेक

प्रिय बाळ,

तू पाठवलेली दोन्ही मोटरसायकलींची माहितीपत्रकं काल रात्री सावकाश वाचली. फोनवर 'बाबा, कुठली घेऊ?' असं विचारलंस तेव्हा 'बघून सांगतो' म्हणालो आणि विषय बदलला. उत्तर खरं तर तयार होतं. पण ते तसं का, हे सांगायचं तर आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मला फोनवर जमली नसती.

माझं डावं मनगट पूर्ण वळत नाही, हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. पाना फिरवताना मी हात बदलतो, घट्ट बसलेलं झाकण तुझ्या आईकडे देतो. 'रस्त्यावर खडी होती, गाडी घसरली' एवढंच तुला सांगितलंय. खडी नव्हती. रस्ता कोरडा होता आणि स्वच्छ होता. डावीकडचं वळण मी वेगात घेतलं होतं, गाडी चांगली झुकलेली होती आणि वळणाच्या पोटात एक बंद पडलेला ट्रक उभा दिसला. मी पुढचा ब्रेक आवळला. मारला नाही, आवळला, मूठ मिटावी तसा. पुढचं चाक जाम झालं आणि गाडी माझ्या खालून निघून गेली. पडल्याचं आठवत नाही, डांबरावर पत्रा घासल्याचा आवाज मात्र आठवतो. उठून बसलो तेव्हा दिसलं की ट्रकच्या शेजारून जायला भरपूर जागा होती.

इतकी वर्षं खडीचं नाव पुढे केलं, कारण चूक माझ्या हाताची होती. आता तू त्याच जातीची गाडी घ्यायला निघाली आहेस, म्हणून खरं काय ते लिहितोय.

पहिल्या गाडीत ताकद जास्त, पाच रायडिंग मोड, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) आणि लाँच कंट्रोल (उभ्या गाडीवरून शर्यतीसारखी झेप घ्यायची सोय) आहे. दुसरीची ताकद थोडी कमी, मीटर साधं, पण तिच्या यादीत मधेच एक ओळ आहे: सहा अक्षांचं आयएमयू, कॉर्नरिंग एबीएस. म्हणजे गाडीचा झुकाव मोजणारं यंत्र, आणि ते बघून वळणावरही चाक जाम होऊ न देणारा ब्रेक. माझं उत्तर त्या एका ओळीत आहे. तू दुसरी घे.

एबीएस दोन्हींना आहे आणि दोन्ही चाकांना आहे, मग फरक कसला, असं तुला वाटेल. साधं एबीएस काय करतं ते आधी बघ. चाकाच्या मध्याशी खाचांची एक चकती असते. सेन्सर त्या खाचा मोजत चाकाचा वेग बघत राहतो. चाक अचानक फार मंदावलं, म्हणजे जाम व्हायच्या बेतात आलं, की झडप ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते. एका सेकंदात हे अनेकदा होतं. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के१०० वर हे पहिल्यांदा बाजारात आणलं आणि तेव्हापासून सरळ रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबलेल्या कितीतरी माणसांना त्याने उभं ठेवलंय. एबीएस नसलेल्या गाडीचा तर मी विचारही करू देणार नाही.

पण या एबीएसला गाडी किती झुकली आहे ते कळत नाही. आपली गाडी सरळच चाललीय असं धरून ते काम करतं. प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतो, आणि वळण घ्यायला काय, ब्रेक लागायला काय, पकड त्याच तळहातातून मिळते. गाडी ३० अंशांत झुकली की टायरवर बाजूने येणारा जोर गाडी आणि स्वार मिळून होणाऱ्या वजनाच्या साधारण ५८ टक्के असतो. ४५ अंशांत तो वजनाइतकाच होतो. चांगला टायर आणि कोरडं डांबर असलं तरी पकड फार तर त्याहून थोडी जास्त असते. म्हणजे गाडी जितकी झुकलेली, तितकी ब्रेकच्या वाट्याला पकड कमी. अशा वेळी चाक मंदावल्याचं सेन्सरला कळून झडप हलेपर्यंत पुढचा टायर बाजूला सरकायला लागलेला असतो. आणि टायर सुटला नाही, तरी झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक जोरात लागला की ती उभी व्हायला बघते आणि वळण सोडून सरळ बाहेर धावते. साध्या एबीएसच्या मालक-पुस्तिकेत वळणावर जपून ब्रेक मारा, अशी सूचना बहुतेक वेळा असतेच. ती कुणी वाचत नाही.

आयएमयू म्हणजे सीटखाली कुठेतरी बसवलेली छोटी डबी. गाडी किती कलली, नाक खाली गेलं का वर आलं, मागचं चाक आडवं सरकतंय का, हे ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा मोजते. मग एबीएस झुकाव बघून दाब हळूहळू चढवतं, पुढच्या-मागच्या चाकात वाटून देतं. तू मूठ मिटलीस तरी ब्रेक आवळला जात नाही. बॉशची ही यंत्रणा २०१३ मध्ये केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर आली आणि २०१५ च्या यामाहा आर१ पासून सहा अक्षांचं आयएमयू स्पोर्ट गाड्यांत रुळलं. माझ्या त्या वळणाला ते बरंच उशिरा आलं. तुझ्या वळणाला ते वेळेवर आलंय.

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जागीच फिरायला लागलं की इंजिनची ताकद कमी करणारी सोय, दोन्ही गाड्यांत आहे, पण पहिलीतलं फक्त दोन चाकांच्या वेगाची तुलना करतं. दुसरीतलं झुकावही बघतं. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल जरा जास्त उघडला, टायर थंड असले किंवा रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्या ओल्या असल्या, की मागचं चाक बाहेर सरकतं. घाबरून थ्रॉटल एकदम सोडला की तेच चाक झटक्यात पकड घेतं आणि गाडी स्वाराला वरून पलीकडे फेकते. माझं पडणं त्यापुढे सौम्य होतं. म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल पहिले काही महिने वरच्या पातळीवर ठेव, जास्तीत जास्त हस्तक्षेप करू दे. पावसात रेन मोड लाव. त्यात ताकद हळू उलगडते.

पुढचं चाक उचलू न देणारं व्हीली कंट्रोल असलं तर उत्तम. क्विकशिफ्टरने डाव्या हाताचा शीण कमी होतो, घे हवं तर, पण त्याला सुरक्षेच्या रकान्यात धरू नकोस. लाँच कंट्रोल तुला कशाला हवंय?

मोडबद्दल एक गोष्ट मात्र नक्की तपास. काही गाड्यांत ट्रॅक किंवा सुपरमोटो मोड लावला की मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, आणि त्याबरोबर कॉर्नरिंगची सोयही जाते. मोडचं नाव आकर्षक असतं आणि काय बंद झालं हे पडद्यावर बारीक अक्षरात येतं. त्यामुळे विकणाऱ्याला 'सेफ्टी फीचर्स किती?' असं विचारू नकोस, तो बोटं मोजेल. 'झुकलेल्या गाडीवर ब्रेक मारला तर एबीएस काय करतं, आणि कुठल्या मोडमध्ये करत नाही, ते पुस्तिकेत दाखवा' असं सांग. माहितीपत्रकात 'स्पोर्ट एबीएस' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

आणि हे सगळं टायरच्या पकडीवरच उभं आहे. कडक झालेल्या टायरला कुठलीच डबी पकड देऊ शकत नाही. वळणात तेल सांडलेलं असलं तर आयएमयूचाही इलाज चालत नाही. टायर बदलशील तेव्हा कंपनीने सांगितलेल्या मापाचेच घाल, कारण चाकाचा घेर बदलला की सेन्सरचा हिशोब चुकतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलून घे.

मागच्या वेळी तू आलीस तेव्हा मोकळ्या मैदानात माझ्या गाडीवर तुला ताशी ४० च्या वेगाने येऊन दोन्ही ब्रेक पूर्ण दाबायला सांगितलं होतं, आठवतं? एबीएस लागलं, लिव्हर बोटांखाली थरथरली आणि तू ती सोडून दिलीस. 'काहीतरी तुटलं असं वाटलं' म्हणालीस. चार वेळा केलंस, चारही वेळा सोडलीस. पाचव्यांदा धरून ठेवलीस आणि गाडी सरळ रेषेत थांबली. तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, त्यामुळे लिव्हर सोडून पुन्हा धरायला रस्त्यावर वेळच नसतो. नवी गाडी आली की आधी मैदानातच ने. ताशी ३० पासून सुरू कर, सरळ रेषेत, थरथर ओळखीची होईपर्यंत. वळणावरचं एबीएस मुद्दाम लावून बघायचं नाही, ते तसंच राहू दे.

चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. विझला नाही तर त्या दिवशी ती साध्या ब्रेकची गाडी आहे असं समजून चालव आणि थेट दुरुस्तीला ने.

दुसरी गाडी मिळायला काही महिने थांबावं लागणार असेल तर थांब, तोवर माझी वापर. आणि पुस्तिकेतलं ते पान सापडलं की फोटो पाठव, मला वाचायचंय.

तुझे
बाबा